गुणाकारानंतरची खूण

आमच्या इमारतीत एक भिंत होती, भिंतीला एकच दार होतं आणि त्या दाराशी माझं टेबल होतं. मी कंपनीची वकील. कंपनी बनवायची संगणकाच्या चिपा, आणि चिपमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच मला तिथे बसवलं होतं. जिला कळतच नाही ती इकडचं तिकडे सांगणार काय, असा मालकांचा विचार.

भिंतीच्या एका बाजूला वाचणारे बसत, दुसऱ्या बाजूला लिहिणारे. जगातल्या बहुतेक घरगुती संगणकांत तेव्हा थोरल्या कंपनीची चिप बसलेली असायची. तिच्यासारखीच चालणारी पण स्वस्त चिप आम्हाला करायची होती. त्या चिपच्या पोटात एक बारीक आज्ञावली कोरलेली असते, ती थोरल्यांची मालमत्ता. तिची नक्कल केली की चोरी. पण चिप बाहेरून वागते कशी, यावर कुणाची मालकी नाही. म्हणून वाचणाऱ्यांनी ती आज्ञावली उलगडून वाचायची आणि ती काय काम करते एवढंच साध्या शब्दांत कागदावर उतरवायचं. कागद माझ्याकडे यायचा. 'काय करते' सोडून 'कसं करते' यात कुणी शिरलं असेल, तर ते मी काळ्या पेनाने खोडायची आणि उरलेलं लिहिणाऱ्यांना द्यायची. लिहिणाऱ्यांनी मूळ आज्ञावली जन्मात पाहिलेली नसायची. ते आपल्या डोक्याने सगळं नव्याने रचायचे.

जेवणघर एकच, पण दोन्ही बाजूंची टेबलं वेगळी, कॉफीची यंत्रं वेगळी. वाचणाऱ्यांचे बिल्ले लाल, लिहिणाऱ्यांचे हिरवे. माझा पांढरा. जेवायला मी मधल्या टेबलावर एकटी बसायची आणि दोन्हीकडचे मला 'कस्टमवाली' म्हणायचे, मला ऐकू जाईल अशा बेताने.

नियम मीच लिहिले होते. शेवटचा असा: पलीकडचं काहीही, कसंही, चुकून जरी कळलं, तर त्या माणसाने स्वतः येऊन सांगायचं आणि कामावरून उठायचं. दोन वर्षांत एकही माणूस आला नाही. मला त्याचा अभिमान होता आणि थोडी शंकाही होती, कारण माणसांवर इतका विश्वास ठेवायची मला सवय नाही.

सगळ्यात मोठी काळजी होती ती हॉगन जोडप्याची. आर्डिथ वाचणाऱ्यांत, लीलंड लिहिणाऱ्यांत. दोघं मिनेसोटाचे, पंचावन्नच्या पुढेमागे, एकाच गाडीतून यायचे आणि पार्किंगमधून आत आले की दोन दारांनी जायचे. मी मालकांना स्वच्छ सांगितलं होतं, की नवरा-बायको भिंतीच्या दोन बाजूंना म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. मालक म्हणाले, दोघांच्या तोडीचं दुसरं माणूस आणून दे. ते काही मला जमलं नाही.

मी दोघांना समोर बसवून विचारलं होतं, "घरी काय बोलणार तुम्ही?"

लीलंडने जरा विचार केला. "आम्ही तसंही फारसं बोलत नाही, बोर्जेस बाई."

"खरंय," आर्डिथ म्हणाली. "गेल्या वर्षी मी केस कापले, कमरेपासून मानेपर्यंत. याला दोन आठवड्यांनी सांगावं लागलं. तुमचं गुपित याच्यापासून लपवायला भिंत कशाला हवी? याच्या समोर टांगून ठेवलं तरी चालेल."

लीलंड कानापर्यंत लाल झाला. माणूस तसा सरळ, पण पुस्तकी. थोरल्यांनी चिपबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक छापलं होतं, ते त्याला जवळजवळ पाठ होतं. पुस्तकात आहे ते खरं, नाही त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, असा त्याचा खाक्या. गुणाकार, भागाकार आणि त्यांच्या आसपासचा सगळा भाग त्याने रचला होता. चिपचं काळीज म्हणा.

या धंद्यात नातवाला पणजोबांची बोली यावी लागते. पहिली चिप आली, मग दुप्पट रुंदीची आली, मग चौपट, पण प्रत्येकीला आधीच्या सगळ्यांच्या आज्ञा पाळाव्या लागतात. कारण गिऱ्हाईक संगणक नवा घेतं आणि त्यावर प्रोग्रॅम मात्र जुनेच आणून बसवतं. त्या प्रोग्रॅमांपैकी कित्येकांचे कर्ते धंदा सोडून गेलेले किंवा देवाघरी गेलेले. त्यांना जाऊन विचारता येत नाही, की बाबा, तू नेमकं काय गृहीत धरलं होतंस?

एक्याण्णवच्या वसंतात आमची चिप तयार झाली. डॅलसचा एक संगणक बनवणारा ती घ्यायला तयार होता. त्याने परीक्षेला प्रोग्रॅमांचा ढीग पाठवला. पत्रं लिहायचे, कर भरायचे, विमानं उडवायचे खेळ, सगळे चालले. एक चालला नाही. बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाच्या, स्पर्धांचे गुण मांडणारा एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता, तो आमच्या चिपवर मध्येच अडकून बसायचा. थोरल्यांच्या चिपवर लोण्यासारखा चालायचा.

मी म्हटलं, "एक बोलिंगचा प्रोग्रॅम. त्याचं काय एवढं?"

लिहिणाऱ्यांतली क्वेन लाम माझ्याकडे असं बघायला लागली, की जणू मी तिच्या घरात चपला घालून शिरले आहे. क्वेन तिशीची, जिभेने तिखट. "वकीलबाई, हा एक अडकतो हे आपल्याला कळलं. आणखी कुठले अडकतात ते कुणाला ठाऊक? डॅलसवाला काय म्हणणार, 'जवळजवळ सारखी' असं खोक्यावर छापा?"

डॅलसवाल्याने ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं नाही तर आमचं दुकान बंद, हे सगळ्यांना कळत होतं. त्यातच थोरल्यांनी आमच्यावर चोरीचा दावा ठोकला होता. आता भिंतीला एक भोक जरी सापडलं असतं, तरी चिप चालली काय आणि न चालली काय, सगळं मातीत गेलं असतं.

लीलंड शोधत बसला. त्याने आपला भाग पुस्तकाशी ओळ न् ओळ पुन्हा ताडून पाहिला. चूक सापडेना. कशी सापडणार? पुस्तकाप्रमाणे त्याचं सगळं बरोबरच होतं.

पलीकडे आर्डिथला मात्र काहीतरी माहीत होतं. हे मला कळायला चिपमधलं कळण्याची गरज नव्हती. फार पूर्वी तिच्या एका कागदातली एक ओळ मी खोडली होती. थोरल्यांच्या पुस्तकात जे 'सांगता येत नाही' म्हणून सोडून दिलं आहे, ते आत शिरून वाचल्याशिवाय कळूच शकत नाही, म्हणून ते पलीकडे जाता कामा नये, असा माझा दंडक होता. ती ओळ त्यात बसत होती. ओळीचा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता. चिप अडकल्याची बातमी आली त्या दिवशी आर्डिथ माझ्या टेबलाशी आली.

"ती ओळ," ती म्हणाली.

"नाही."

"मी अजून काही बोललेच नाही."

"बोलूही नका. चिप अडकल्यावर खोडलेली ओळ पलीकडे गेली, तर कोर्टात त्याला एकच नाव आहे. मी आजही तीच ओळ तशीच खोडीन."

ती टेबलावर वाकली. "बोर्जेस बाई, तो रात्री झोपत नाही. मी त्याच्या शेजारी असते आणि मला ठाऊक असतं. एक शब्द आहे फक्त."

मला तिची दया आली. पण दया आली म्हणून दार किलकिलं करणारी बाई त्या टेबलावर कामाची नव्हती. मी म्हटलं, "मग गिळा तो शब्द." ती गेली. त्यानंतर ती दुपारच्या जेवणालाही वाचणाऱ्यांच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, म्हणजे लीलंडचा चेहरा दिसायला नको.

जूनच्या एका सकाळी मी यायच्या आधीच लीलंड माझ्या टेबलाशी बसलेला. त्याने गळ्यातला हिरवा बिल्ला काढून, दोरी नीट गुंडाळून टेबलावर ठेवला.

"मला कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"चूक कुठे आहे ते. काय आहे ते नाही, पण कुठे आहे ते. आणि ते मी शोधून काढलेलं नाही. आर्डिथकडून कळलं."

मी उभ्याउभ्याच विचारलं, "ती बोलली?"

"नाही. ती एक शब्द बोलली नाही. दोन वर्षांत बोललेली नाही." त्याने हात चोळले. "काल जेवताना मी आपला भाचीचं सांगत होतो. डलूथला असते, तिच्या मुलीला गणित येत नाही. म्हटलं, पोरीला गुणाकार जमत नाही म्हणे. तर आर्डिथ चावायची थांबली."

"चावायची थांबली."

"घास तोंडात तसाच. मग मी म्हटलं, भागाकार पण जमत नाही. तर ती पुन्हा चावायला लागली." तो माझ्याकडे बघत होता, जणू मी आता निकाल देणार. "मी मुद्दाम नाही केलं, बाई. खरंच भाचीचं सांगत होतो. पण मग मला कळलं. आता न कळल्यासारखं कसं करू?"

मी वकील आहे. माझं पहिलं काम आपलं घर वाचवणं. मी त्याला म्हटलं, "लीलंड, हे काही कळणं नव्हे. कुठल्या कोर्टात घास साक्षीला आणतात? घशात काटा अडकला असेल. तुम्ही तसंही कधी ना कधी गुणाकाराकडे वळलाच असता."

"पंधरा दिवसांत वळलो असतो. किंवा महिन्याने. किंवा नसतोही."

"मग झालं तर. बिल्ला घाला."

"तुम्हीच लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "काहीही, कसंही, चुकून जरी."

माझंच वाक्य माझ्यासमोर येऊन बसलं होतं आणि मला त्याचा राग आला. ही चिप म्हणजे त्या माणसाची सगळी उमेद होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या रचना दुरुस्त करत घालवल्यावर ही पहिली त्याची स्वतःची. मी म्हटलं, "तुम्ही उठलात तर ती तुमची राहणार नाही."

"माहीत आहे."

"आणि लोकांना कारण सांगता येणार नाही. कारण सांगितलं की जागा कळली."

"तेही माहीत आहे." तो उठला. दारापर्यंत जाऊन परत आला. "आर्डिथला पण सांगू नका. तिला वाटेल, तिच्यामुळे झालं. तिने इतकं सांभाळलंय."

नियमानेही मला ते सांगता येत नव्हतं. त्याची साक्ष मी लिहून, तारीख घालून, बंद करून कोर्टाच्या कागदांत ठेवली आणि त्याला मागच्या इमारतीत पाठवलं, जिथे संगणकाची खोकी उष्णतेत किती टिकतात ते तपासायचे.

मग सुरू झाला तमाशा. लिहिणाऱ्यांत एकच बोभाटा, की म्हाताऱ्याने ऐन वेळी कच खाल्ली. लीलंडचा भाग क्वेनच्या गळ्यात पडला. ती माझ्यासमोर कॉफीचा कप आपटून म्हणाली, "काही झालं की पुस्तक पुढे करायचा. पुस्तकात उत्तर नाही म्हटल्यावर पळाला."

मी म्हटलं, "कप कंपनीचा आहे, सांभाळून." दुसरं काय म्हणणार?

आर्डिथचं बोलणं जास्त लागलं. ती दाराशी आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "या माणसाने आयुष्यात काही अर्धवट टाकलेलं नाही. गॅरेजमधली होडी सोळा वर्षं बांधतोय, पण टाकली नाही. विचारलं, का सोडलंस? म्हणतो, दमलो. मी तोंड शिवून बसले ती कशासाठी? दमण्यासाठी?"

मी कागद चाळत राहिले. भिंत होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

क्वेनला पुस्तकाचं प्रेम नव्हतं, आणि तेच कामाला आलं. तिने एल कमिनो रस्त्यावरच्या दुकानातून थोरल्यांच्या चिपा विकत आणल्या, कुणीही आणाव्यात तशा. एका टेबलावर त्यांची चिप, शेजारी आपली. दोघींना तीच आज्ञा द्यायची आणि नंतर आत-बाहेर काय काय उरलं ते सगळं ताडून बघायचं. प्रत्येक आज्ञा, लाखो वेळा. पुस्तकात ज्याला 'सांगता येत नाही' म्हटलंय, तेही.

"ते कशाला?" तिच्या बाजूच्याने विचारलं. "तिथे काहीही चालतं."

"चालतं ना? मग बघायला काय जातं तुझ्या बापाचं?"

ऑगस्टच्या मध्यावर ती माझ्या टेबलावर येऊन बसली, खुर्चीवर नव्हे, टेबलावरच. डोळे लाल, पण खूश. "गुणाकार झाला की आत एक छोटी खूण उरते, वकीलबाई. शून्य आलं का, एवढं सांगणारी. गुणाकारानंतर ती वर असेल की खाली, सांगता येत नाही, असं पुस्तक म्हणतं. म्हाताऱ्याने तिला आपल्या सोयीने खाली ठेवली. पुस्तकाने मोकळीक दिली होती, त्याचं काही चुकलं नाही. पण थोरल्यांची चिप तिला हात लावत नाही. आधी जशी होती तशीच ठेवते. दर वेळी. आणि तो बोलिंगवाला गुणाकार झाल्यावर तीच खूण बघतो."

"त्याला कुणी सांगितलं बघायला?"

"कुणी नाही. त्याने करून पाहिलं, दर वेळी तेच दिसलं, त्याने धरून चाललं. लोक पुस्तक वाचून थोडेच जगतात? सोबतच्याचं वागणं बघतात आणि त्यावर टेकतात." ती टेबलावरून उतरली. "शपथेवर सांगेन, दुकानातल्या चिपकडे बघून कळलं. मला कुणी सांगितलं नाही."

मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असणार. "खरंच नाही सांगितलं," ती म्हणाली. मला ते तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चिप सुधारली, बोलिंगवाला चालला, डॅलसवाल्याने सही केली. चिपच्या कोपऱ्यात, केसाहूनही बारीक, रचणाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं कोरायची आमच्याकडे पद्धत होती. लीलंडची घातली नाहीत. क्वेनने विचारलंही नाही आणि मला सांगता आलं नाही.

दावा पुढच्या वर्षी सॅन होजेच्या कोर्टात उभा राहिला. आर्डिथची साक्ष सकाळी झाली. थोरल्यांच्या वकिलाने विचारलं, "गुणाकाराबद्दलची ती खोडलेली ओळ तुम्ही तुमच्या पतीला कधी सांगितलीत?"

"कधीच नाही. एक शब्दही नाही." साक्ष संपल्यावर ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

दुपारी लीलंडला बोलावलं. त्या वकिलाच्या चालीवरूनच कळत होतं, की त्याला घबाड सापडलंय. गुणाकाराचा भाग रचणारा माणूस, बायको पलीकडच्या खोलीत, आणि चूक सापडायच्या दोन महिने आधी तो अचानक उठतो. माझा बंद कागद त्याने अजून उघडून वाचला नसावा, किंवा वाचून त्यावर विश्वास ठेवला नसावा.

"मिस्टर हॉगन, तुम्ही काम का सोडलंत?"

"मला चूक कुठे आहे ते कळलं, म्हणून."

कोर्टात कुजबुज झाली. "कुणाकडून कळलं?"

"माझ्या पत्नीकडून."

मी मागे वळून पाहिलं. आर्डिथचा चेहरा पांढराफटक पडला होता. सकाळी तिने शपथेवर सांगितलेलं, आणि आता तिचाच नवरा तिला सगळ्यांदेखत खोटं पाडत होता, असंच तिला वाटलं असणार.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलं."

"नाही सर. ती चावायची थांबली."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. लीलंडने मग सगळं सांगितलं, भाचीचं, तिच्या मुलीचं, गुणाकाराचं आणि भागाकाराचं, अगदी मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न सजवता. त्या रात्री जेवायला ट्यूना आणि नूडल्स होत्या हेही सांगितलं. लोक हसले. वकील म्हणाला, "एक घास थांबला, एवढ्यावरून तुम्हाला कळलं?"

"ती कधी थांबत नाही, सर. अठ्ठावीस वर्षं मी तिच्यासमोर जेवतोय. वाईट बातमी आली तरी ती आधी घास संपवते. तिचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही संपवला आणि मग उठली. म्हणून थांबली तेव्हा मला भीती वाटली. आणि मग कळलं."

आता कुणी हसत नव्हतं.

"आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं आणि उठलो. तसा नियम होता."

वकिलाने आणखी दोनचार प्रश्न विचारले, पण त्याची हवा गेली होती. ज्या भिंतीत तो भोक शोधत होता, तिथे एक माणूस स्वतः आडवा उभा राहिलेला होता, तारखेसकट, माझ्या कागदावर. दावा आम्ही पुढे जिंकलो. त्याचं श्रेय लोक मला देतात. मी घेत नाही, कारण मी तर त्याला बिल्ला परत घालायला सांगत होते.

त्या दुपारी लीलंडच्या साक्षीनंतरच्या सुट्टीत मी बाहेर आले, तर दोघं खिडकीखालच्या बाकावर बसलेले. आर्डिथच्या मांडीवर घरून आणलेलं सँडविच, कागद अर्धा सोडलेला. मला बघूनही ती बोलायची थांबली नाही.

"दमलो म्हणालास," ती त्याला म्हणत होती. "वर्षभर मी तुझ्याशी धड बोलले नाही."

"दमलोही होतो."

"केस कापलेले दिसत नाहीत तुला. आणि घास दिसतो?"

लीलंडने बराच विचार केला. "केसांकडे बघत नाही मी. जेवताना तुझ्याकडे बघत असतो."

"कधी बोलला नाहीस."

"बोलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं."

तिने सँडविचचे दोन भाग केले, एक त्याच्या हातात ठेवला आणि आपला खायला लागली, समोर भिंतीकडे बघत. दोनतीनदा चावली आणि थांबली.

लीलंडने आपला तुकडा बाकावर ठेवला आणि खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिच्या डोळ्यांत तेव्हा टिपूसही नव्हतं. रुमाल घेतल्यावर मात्र ती रडली.